दुसऱ्या मजल्यावरची नोटीस

मालती, गेल्या मंगळवारी तुझं तेरावं झालं. वडे झकास फुगले होते. काळ्या वाटाण्याची आमटीही तुझ्या हातच्या चवीच्या बरीच जवळ गेली होती. तुझ्या सुनेने, अश्विनीने, पान वाढून तुझ्या फोटोसमोर ठेवलं आणि त्यात वाटीभर खीर! वर काजू. मी बघतच राहिले. पंचवीस वर्षं तू चहात साखर घेतली नाहीस. माझ्या नातीच्या बारशाला नखाएवढा पेढा तोडून बाकीचा माझ्या हातात कोंबलास. आणि आता ही वाटीभर खीर. मी हळूच म्हटलं, "अश्विनी, साखर किती घातलीस गं?"

बिचारी रडत होती, ती एकदम थांबली. म्हणाली, "मावशी, आता दोन तासांनी रक्त तपासायला कोण येणारे? खाऊ दे की आईंना."

मग आम्ही दोघी तुझ्या स्वयंपाकघरात तोंडाला पदर आणि ओढणी लावून एवढ्या हसलो, की बाहेरच्या माणसांना वाटलं आमचा बांध फुटला. कोणीतरी पाणी घेऊन आलं. पाठीवरून हात फिरवला. तू असतीस तर त्या पाणी आणणाऱ्या बाईलाही डोळा मारला असतास.

आता मुद्द्याचं बोलते. आपलं भांडण अर्धं राहिलंय. भांडण अर्धं टाकून "दूध उतू जातंय" म्हणत घरात पळायची सवय माझी होती, तुझी नाही. तू शेवटचा शब्द बोलल्याशिवाय हलायची नाहीस. आणि या वेळी मात्र "उद्या सांगते" म्हणालीस आणि गेलीस. भांडण कशावरून, ते आपल्या दोघींनाच माहीत होतं. मी जिना चढताना माझा जबडा दुखतो, तो डॉक्टरला दाखवायचा की नाही? तू म्हणत होतीस, दाखव. मी म्हणत होते, या वयात कळून तरी काय फायदा? तुझं उत्तर यायचं होतं. मी तेरा दिवस तुझ्या बंद जाळीच्या दाराकडे बघत बसले.

मुलुंडच्या आपल्या या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका दारात तू, एका दारात मी. आपल्या दोन दारांमध्ये जेमतेम चार पावलं, पण वैद्यकशास्त्राचं अख्खं अंतर. माझ्या दारात औषध मिळायचं आणि तुझ्या दारात कागद.

माझ्या दारातल्या औषधाबद्दल आज कबूल करून टाकते. तेव्हाच्या मला आज भेटले ना, तर तिच्या हातातला चमचा आधी काढून घेईन. ऑफिसात मी टायपिस्ट. दुपारच्या सुट्टीत मासिकांतले आरोग्याचे सल्ले वाचायचे, कापून आणायचे, फाइलला लावायचे. फाइलवर लाल शाईने 'आरोग्य' असं लिहिलं होतं आणि आत सगळं पित्त भरलं होतं. कोणी म्हणालं डोकं दुखतं, की पित्त. चक्कर आली, पित्त. पाय सुजले, पित्त. नवरा बोलत नाही, तेही पित्तच. उपाय तीन: ओवा, आवळा आणि कोकमाचं सरबत. त्यातही कोकम तुमच्या गावाहून आलेलं, तूच दिलेलं. म्हणजे माझ्या गुन्ह्यात माल तुझा असायचा.

मी साडी नीट करून, चष्मा नाकावर आणून जीभ वगैरे बघायची. जीभ बघून काय कळतं हे मला अजूनही माहीत नाही, पण बघितली की समोरचा माणूस घाबरतो आणि औषध मुकाट घेतो, एवढं माहीत होतं.

तुझं उलट. भांडुपच्या दवाखान्यात तू तीस वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसलीस. तू डॉक्टर नव्हतीस, नर्स नव्हतीस आणि तसं कधी मिरवलंही नाहीस. नाव, वय, पत्ता, काय होतंय, एवढं लिहायचं तुझं काम. पण तीस वर्षं माणसं तुझ्यासमोर वाकून, त्या छोट्या भोकातून आपलं दुखणं सांगत राहिली, आणि तू ऐकत राहिलीस. रिटायर झालीस तरी खिडकी काही सुटली नाही. जाळीच्या दारामागे स्टूल टाकून बसायचीस. बिल्डिंगमधलं कोणी आलं, की जुन्या कॅलेंडरच्या पानाचे चार तुकडे केलेले असायचे, त्यातला एक घ्यायचीस आणि कोऱ्या बाजूवर लिहायचीस. काय होतंय? कधीपासून? कशाने वाढतं? कशाने कमी होतं? आधी काय दिलं? सोबत कोण जाणार? लिहून झालं, की जाळीतून कागद बाहेर. "हा घे आणि डॉक्टरकडे जा. मी औषध देत नाय."

"मग तुझा उपयोग काय?" मी एकदा समोरच्या दारातून विचारलं होतं. तू म्हणालीस, "शालू, माणूस खिडकीत खरं बोलतो गं. आत स्टुलावर बसला, की शाळेत बसल्यासारखा होतो. साहेब विचारतात, कसं वाटतंय? हा म्हणतो, बरं आहे." आणि मग तुझी मालवणी सुटायची, "मेल्या, बरा असा तर इलंस कित्याक?" आलास कशाला मग!

अगदी खरं होतं ते. डॉक्टरसमोर आपण पाहुण्यासारखे वागतो. त्याला त्रास नको, आपलं रडगाणं नको. नाहीतर मग दुसरं टोक, आपणच रोगाचं नाव सांगून मोकळे. "डॉक्टर, मला पित्त झालंय." तू चिडायचीस, "नाव शोधायला तो शिकलाय. तू फक्त काय होतंय ते सांग."

'कसंतरी होतंय' हा तुझा आवडता शब्द. तू म्हणायचीस, कसंतरी चार तऱ्हेचं असतं. एक पोटातलं, ते ओकारी झाली की जातं. दुसरं डोक्यातलं, भिंत धरावी लागते. तिसरं छातीतलं, त्यात घाम फुटतो, त्याच्याशी मस्करी करायची नाही. आणि चौथं नणंद राहायला येणार असली की होतं. चौथ्यावर इलाज नाही.

पहिल्या मजल्यावरची वैशाली आठवते? कॉलेजात जायची तेव्हा. आईबरोबर माझ्याकडे आली. दम लागतो, सारखं झोपावंसं वाटतं. मी जीभ बघितली, आवळा दिला. तिथून बाहेर पडताना तू जाळीतून हाक मारलीस. चार गोष्टी विचारल्यास आणि मग हळूच, "तांदूळ खातेस का गं कच्चे?" पोरगी लाजून लाल व्हायची, तर लाल व्हायला अंगात रक्तच नव्हतं! मूठ-मूठ कच्चे तांदूळ खायची आणि आईला वाटायचं घरात उंदीर झालेत. कागद लिहिलास, पाळी किती दिवस, किती जाते, तेही बिनदिक्कत लिहिलंस. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन तळाला. आज तिची मुलगी कॉलेजात जाते. तुझ्या तेराव्याला आली होती, तिनेच खिरीला काजू लावले.

मी मात्र तेव्हा म्हटलं होतं, "आवळ्यानेही झालं असतं बरं." काय बाई होते मी!

आणि ह्यांचं ते. त्याबद्दल आपण कधी धड बोललोच नाही. मी बोलू दिलं नाही.

रविवारची सकाळ होती. ह्यांनी बटाटेवडे हाणले होते, मीच केलेले. साडेदहाला म्हणाले, छातीत कसंतरी होतंय. मी प्रसन्न झाले. घरातला पेशंट मिळणं फार दुर्मीळ, हे माझ्या औषधापासून कायम पळत असत. ओवा दिला. कोकम दिलं. जीभ बघितली. "पित्त आहे, पडून राहा," असं सांगून मी वरणाला फोडणी घालायला गेले. तेवढ्यात तू विरजणाला वाटी घेऊन आलीस.

दारातच थांबलीस. "भावोजी, पंख्याखाली बसून घाम कशाचा?"

"पित्ताचा," मी आतून ओरडले.

"शालू, गप." एवढ्या वर्षांत तू मला तशा आवाजात पहिल्यांदाच गप केलंस. वाटी जमिनीवर ठेवून ह्यांच्यासमोर बसलीस. "दुखतंय की जड आहे?"

"जड. छातीवर कोणी बसल्यासारखं."

"खांदा?"

"डावा."

"दात?"

ह्यांनी चमकून तुझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं कळलं? खालचा जबडा ठणकतोय."

मग तुझी धावपळ. हे म्हणतायत, पँट घालतो, चालत खाली येतो, लुंगीवर कसा जाऊ. तू ओरडलीस, "उठूचा नाय! लुंगीत गेलात तर कोणी हसत नाय!" जेवणाच्या टेबलाची खुर्ची, दोन बाजूंना दोन शेजारी, मध्ये लुंगीतले हे, अशी वरात तीन मजले उतरली. मी मागून हातात पँट घेऊन. का घेतली होती, देव जाणे. आणि रिक्षात तू मांडीवर कागद ठेवून लिहीत होतीस.

हॉस्पिटलमधला तो तरणा डॉक्टर तुझा कागद मोठ्याने वाचत होता. "साडेदहापासून छातीत जड. डावा खांदा, जबडा. घाम. बीपीची गोळी चालू, दोन दिवस चुकवली. आधी काय दिलं: ओवा, कोकम. देणारी: बायको." त्याने मान वर केली. "बायको कोण?"

मालती, आज सांगते. मी त्या क्षणी तुझ्याकडे बघितलं. वाटलं, तूच बायको आहेस असं याला वाटू दे. तू माझा दंड धरून मला पुढे ढकललंस.

हार्ट अ‍ॅटॅक होता. वेळेत पोचलो म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर हे अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं माझ्या वरणाला नावं ठेवली, नातीला सायकल शिकवली, तुझ्याबरोबर क्रिकेट बघत आरडाओरडा केला. आणि मी तुला काय म्हणाले? आभार? छे. आठवड्याने जिन्यात भेटलीस तर म्हणाले, "पण पित्तही होतंच हां त्यांना." तू फक्त हसलीस. वाटी परत मागितलीस. ती वाटी परवापर्यंत माझ्याकडेच होती.

तुझ्या साखरेची गोष्ट तू मला कितीदा सांगितली असशील, पण तेराव्याला कोणी सांगितली नाही, म्हणून मीच सांगितली. तू खिडकीत बसून लिहीत होतीस. समोरचा माणूस सांगत होता, सारखी तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं, पायाची जखम भरत नाही. तू लिहिता लिहिता थांबलीस. टेबलाखाली तुझ्या अंगठ्याला पट्टी होती, तीन आठवड्यांपासूनची. पायाशी पाण्याची दुसरी बाटली रिकामी पडली होती. तू त्या माणसाचा कागद पूर्ण केलास, जागेवरून उठलीस, बाहेर जाऊन रांगेत सगळ्यांत मागे उभी राहिलीस. नंबर आल्यावर खिडकीत बसलेल्या तुझ्या सहकारिणीला म्हणालीस, "नाव लिही. मालती." तिला वाटलं, मस्करी करतेस.

एवढ्यावर मी काय म्हणावं? "रांगेत कशाला उभी राहिलीस? आतूनच जायचं!" मला त्यातलं तेवढंच दिसलं होतं.

पुढे पंचवीस वर्षं तू ती साखर सांभाळलीस. पाय रोज आरशात बघायचीस, तळवेसुद्धा. मी म्हणायची, चेहरा बघ, पाय काय बघतेस. शेवटच्या दोन वर्षांत किडन्या दमल्या. मग मंगळवार-शुक्रवार घाटकोपरला डायलिसिस. तू त्याला ड्युटी म्हणायचीस. "बाबांनी गिरणीत कधी खाडा केला नाय, मी पण नाय करूचंय." मी सोबतीला यायची. त्या मशीनशेजारी चार-चार तास आपण काय काय बोललो! तिथल्या नर्सने एकदा आपल्याला हळू हसायला सांगितलं, बाजूच्या पेशंटचं बीपी वाढतंय म्हणून.

आणि येताना जिना. इथेच माझी चोरी.

संक्रांतीनंतर मला दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायला लागलं. पहिला मजला ठीक. दुसऱ्यावर आलं, की डावा जबडा भरून यायचा, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये आवळल्यासारखं, धाप. दोन मिनिटं उभी राहिले की जायचं. मग मी काय करायची? तुझ्या नावाने थांबायची. "थांब गं, मालती दमलीय." येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, किती काळजी घेते मैत्रिणीची. डायलिसिसची पेशंट हाताशी असणं किती सोयीचं असतं हे तेव्हा कळलं. आणि तू नसलीस की, पुढे पुढे तू असलीस तरी, तिथल्या बोर्डावरची सोसायटीची नोटीस वाचायची. चष्मा लावून, अगदी मन लावून.

तीन महिने तू हे चालवून घेतलंस. मग एक दिवस कठड्याला टेकून म्हणालीस, "शालू, काय लिहिलंय नोटिशीत?"

"पाण्याची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा म्हणतायत."

"कधी धुणार?"

मी चष्मा सारखा केला. "शनिवारी."

"गेल्या गणपतीच्या आधीचा शनिवार गो तो! टाकी धुवून, परत घाण होऊन, परत धुवायची वेळ आली. तू तीन महिने तीच नोटीस वाचतंस!"

"कवळीचं आहे ते," मी म्हटलं. "नवी कवळी घट्ट बसते, म्हणून जबडा दुखतो."

"कवळी फक्त जिन्यावर दुखते? घरी शेंगदाणे फोडतेस तेव्हा नाही दुखत?"

मी उलट रागावले. बायकांचं हृदय कधी कधी असंच बोलतं, तू मला समजावलंस. प्रत्येकीच्या छातीतच कळ येते असं नाही. कोणाला नुसता जबडा, कोणाला पाठ, कोणाला खूप थकवा, आणि ती समजते पित्त. मी म्हटलं, "माझं पित्त माझं मी बघीन." आणि खरं सांगू का, मला भीती जेवढी वाटत होती तेवढीच लाज वाटत होती. सगळ्यांना ओवा वाटणाऱ्या शालिनीबाई स्वतः खुर्चीत बसून तीन मजले उतरणार. लुंगीत नाही, पण गाऊनमध्ये!

मग तो मंगळवार. ड्युटीवरून येऊन तू जाळीमागे बसली होतीस, मी चहा आणला होता, तुझा बिनसाखरेचा. तू पुन्हा विषय काढलास. आणि मी ते बोलले. "तुला सगळं कळत होतं ना, मालती? पहिल्या दिवसापासून? मग काय फायदा झाला? आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेतेस."

तू बिस्किटाचा अर्धा तुकडा बशीत ठेवलास. रागावली नाहीस. रागावली असतीस तर मालवणीत बोलली असतीस. तू मात्र अगदी पुस्तकी बोललीस, "आज दमले गं. उद्या सांगते."

बुधवारी तू झोपूनच होतीस. गुरुवारी दुपारी जेवून आडवी झालीस आणि उठली नाहीस. मी तो बिस्किटाचा तुकडा तेरा दिवस डोक्यात घेऊन फिरले.

तू गेल्यावर पहिल्यांदा भाजी घेऊन जिना चढले तेव्हा माझी खरी वाट लागली. दुसऱ्या मजल्यावर जबडा आवळला, मी सवयीने तोंड उघडलं, "थांब गं, मालती…" आणि शेजारी कोणी नाही. चौथ्या मजल्यावरची मुलगी उतरत होती, ती म्हणाली, "आजी, ठीक आहात ना?" मी म्हटलं, "नोटीस वाचतेय." ती म्हणाली, "कुठली?" मी वर बघितलं. कोणीतरी नोटीस काढून टाकली होती. बोर्ड कोरा. नुसता हिरवा कपडा आणि चार टाचण्या.

तेराव्याला सगळे गेल्यावर अश्विनीने माझ्या हातात एक कागद ठेवला. "आईंच्या गोळ्यांच्या डब्यात सगळ्यांत खाली होता. मावशी, तुमच्या नावाचा आहे." कॅलेंडरचा चतकोर. तुझं ते उभं, एकमेकांना न टेकणारं अक्षर.

नाव: शालिनी. वय: ७८ (७४ सांगेल. ऐकू नये). काय होतंय: जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर डावा जबडा, पाठ, धाप. कधीपासून: संक्रांत. तिळगूळ वाटून वर येताना पहिल्यांदा थांबली. कशाने वाढतं: हातात पिशवी असली की, जेवून चढली की. गेल्या पंधरवड्यात पहिल्या मजल्यावरपण. कशाने कमी होतं: नोटीस वाचून. आधी काय दिलं: स्वतःच कोकम. घरात कोणाला माहीत: कोणाला नाही.

आणि सगळ्यांत खाली, सोबत कोण: मी.

मी तो कागद घेऊन तुझ्या स्टुलावर बसले, जाळीच्या आतल्या बाजूला. तिथून माझं दार कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. सगळं दिसतं गं! दारात उभी राहून मी जीभ तपासायचे ते, पेशंट गेल्यावर स्वतःच सरबत प्यायचे ते, आणि जिन्यावरून वर आल्यावर दार उघडायच्या आधी भिंतीला टेकून उभी राहायचे तेसुद्धा. पहिल्या मजल्यावरही थांबते ही गोष्ट मी स्वतःलाही सांगितली नव्हती. तू लिहून ठेवलीस.

मग गुरुवारी सकाळी नेसले आणि गेले. मुलाला म्हटलं, देवळात जाते. (संध्याकाळी खरं सांगितलं, त्याने माझ्यावर जे तोंड सोडलं ते तू ऐकायला हवं होतंस.) हृदयाच्या डॉक्टरकडे खिडकीत एक मुलगी बसलेली, नखांना निळा रंग.

"नाव?"

सांगितलं.

"वय?"

मालती, गेली तीस वर्षं मी हा प्रश्न आला की चार वर्षं गाळते. ऑफिसात, लग्नकार्यात, अगदी जनगणनेच्या माणसालासुद्धा. जीभ सवयीने वळली. पण पर्समध्ये तुझा कागद होता. खरं वय सांगितलं. मुलगी म्हणाली, "वाटत नाही हां आजी!" म्हणजे इतकी वर्षं फुकट खोटं बोलले.

"सोबत कोण आहे?"

मी कागद काढून तिच्यापुढे सरकवला. "खाली लिहिलंय बघ."

तिने वाचलं, माझ्या मागे बघितलं, कोणी नव्हतं. मला आत पाठवताना स्वतः उठून दार धरलं. खिडकीतल्या बायका सगळ्या सारख्याच असाव्यात.

आत स्टुलावर बसले आणि डॉक्टरने विचारलं, "काय आजी, कसं वाटतंय?"

"तसं बरं आहे," मी म्हटलं.

आणि लगेच कानात तुझा आवाज, इलंस कित्याक? मी जीभ चावली. कागद त्याच्या हातात दिला. तो वाचत गेला. "नोटीस वाचून" पाशी आला तेव्हा खदखदून हसला. मग पंधरवड्याच्या ओळीपाशी हसू थांबलं. त्याने कार्डिओग्राम काढला, शुक्रवारी सोनोग्राफीसारखं ते हृदयाचं झालं. कुठलीतरी नळी अरुंद झाली असावी, नीट बघायला हवं म्हणाला. जिभेखाली ठेवायची गोळी दिली. बसल्या जागी दुखलं किंवा गोळीनेही गेलं नाही, तर थेट हॉस्पिटल, चालत नाही, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. उद्या सकाळी अँजिओग्राफी. गरज पडली तर तिथल्या तिथे स्टेंट. जाताना म्हणाला, "हा कागद कोणी लिहिला? याच्यामुळे माझं निम्मं काम झालं." मी म्हटलं, "माझ्या घरासमोर राहते."

'राहते' म्हटलं. दुरुस्त केलं नाही.

तर तुझं 'उद्या सांगते' राहिलं होतं. काय फायदा झाला, ते मीच सांगते. पायाच्या अंगठ्याची जखम बघून तू रांगेत उभी राहिलीस, म्हणून मला पंचवीस वर्षं समोरचं दार उघडं मिळालं. रोज संध्याकाळी दोन चहा, एक बिनसाखरेचा आणि एक दोन चमच्यांचा. ह्यांची अकरा वर्षं त्यातच आली. वैशालीच्या मुलीचे काजूही. तू जे कळून घेतलंस ते सगळं मी वापरलं, आणि वर तुलाच विचारलं फायदा काय. तेव्हाचं आणि आत्ताचं, दोन्ही मिळून, थँक यू गं. वाटी अश्विनीला परत केली आहे. विरजण घालून.

सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची ठेवायला लावली आहे. मी आता तिथे उघड बसते. काल चौथ्या मजल्यावरचे काका तिथे बसलेले दिसले, म्हणाले, सहज. मी घरातून कॅलेंडरचं पान आणलं, चार तुकडे केले आणि विचारलं, "कधीपासून सहज?" कोकम दिलं नाही हां. शपथ.

उद्या अ‍ॅडमिट होताना पुन्हा फॉर्म भरायचाय. सोबतच्या रकान्यात मुलगा त्याचं नाव लिहील, लिहू दे. तुझा कागद मी मुठीत ठेवणार आहे. भीती वाटतेय, लपवत नाही. डावा जबडा आत्ता ठीक आहे.

फक्त एक चूक काढायची राहिली. तू अठ्ठ्याहत्तर लिहिलंस. सत्त्याहत्तर गं! अठ्ठ्याहत्तर नारळी पौर्णिमेला पूर्ण होतील, अजून तीन महिने आहेत. तीस वर्षं केसपेपर लिहिलेस आणि माझं वय चुकवलंस. यावर मी तुझ्याशी भांडायला नक्की येणार आहे.

पण आधी ती वर्षं पूर्ण करते. आणि त्याच्यापुढचीही थोडी. तू स्टूल टाकून बस, मला घाई नाही.